डोंगरावरील एकांत

(आपल्या धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आजच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामाच्या २५ वर्षांच्या वाटचालीचा आढावा आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी यथायोग्य घेतला आहे. ख्रिस्तमंदिर कसे उभे राहिले, त्यासाठी कोणी दगड वाहिले, कोणी पै पै जमविली, हे सर्व आपण ऐकले. त्याची पुनरुक्ती करून आपला वेळ घेण्याचा आमचा विचार नाही. आम्हांस एका अगदी लहान गोष्टीविषयी बोलावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे सकाळी एकट्याने आपल्या हातलाईच्या डोंगरावर जाऊन येणे.

महोत्सवाच्या सभेत फिरायला जाण्याचा विषय कोठून आला, असे कित्येकांच्या मनात येईल. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचा नियम सांगितला आहे. त्यात जमिनीस विश्रांती द्यावी आणि ज्याचे त्यास परत करावे, ही दोन कलमे मुख्य आहेत. ते वर्ष पन्नासावे. आपला महोत्सव पंचविसाव्या वर्षाचा, म्हणजे अर्ध्या वाटेवरचा. तथापि अर्ध्या वाटेवर बसून हिशेब पाहण्यास हरकत नाही. आम्ही आमचा हिशेब पाहिला, तेव्हा आमच्याकडे आपले एक देणे राहिले आहे असे आढळले. ते देणे त्या डोंगराच्या वाटेवरच झालेले आहे. म्हणून आधी वाट सांगतो, मग देणे सांगतो.

काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आमच्या रक्तात साखर वाढल्याचे सांगितले आणि रोज चालण्याची आज्ञा केली. पन्नाशी ओलांडलेल्या मनुष्याने अशी आज्ञा निमूटपणे पाळावी हे बरे. प्रथम आम्ही गावातील रस्त्यानेच चालू लागलो. परंतु धर्मगुरूने रस्त्याने चालणे हे चालणे नव्हे. दर शंभर पावलांवर कोणीतरी थांबवितो. एकास बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, दुसऱ्यास मुलाच्या शाळाप्रवेशासाठी चिठ्ठी हवी असते, तिसरा भावकीचे भांडण अगदी पहिल्यापासून सांगू लागतो. त्यात वाईट काही नाही. त्याचसाठी आमच्या हातांस अभिषेक झाला आहे. परंतु होई असे की, पाय थांबत आणि साखर मात्र थांबत नसे. म्हणून आम्ही डोंगराची वाट धरली.

आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर, बालाघाटाच्या पठारावर वसलेले आहे. त्यामुळे सभोवतालचे डोंगर पायथ्यापासून फार उंच भासत नाहीत. हातलाईचा डोंगर त्यांतलाच. देवीच्या देवळावरून त्यास हे नाव पडले. भाविकांची वहिवाटीची वाट एका अंगाने वर जाते. आम्ही दुसऱ्या अंगाची गुराख्यांची पायवाट धरीत असू. दुसऱ्याच्या देवस्थानाच्या दारात पूजेच्या वेळी आपण उगाच गर्दी करू नये, हा शेजारधर्म आम्ही लहानपणी आपल्या आईकडून शिकलो.

वाट लहानच. सावकाश चालणाऱ्यासही चढण्यास अर्धा-पाऊण तास पुरे होतो. हा सारा मुलूख काळ्या अग्निजन्य खडकाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातील रस थरावर थर असा पसरत गेला आणि थंड होऊन त्याचे हे दख्खनचे पठार झाले. त्या थरांमुळे वाट पायऱ्यापायऱ्यांनी चढते. थोडा चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ. देवाने जणू दम घेण्याच्या जागाही रचनेतच ठेवल्या आहेत. दोन्ही अंगांस तरवड, घाणेरी, बोरी, बाभळी, हिवर आणि जागोजाग सीताफळी. फाल्गुनात पळस फुलतो, तेव्हा उघड्या माळावर कोणी दिवे लावले आहेत असे वाटते. झाडीतून तित्तर ओरडतो आणि टिटवी आपल्या अंड्यांच्या भीतीने डोक्यावरून घिरट्या घालते.

एकट्याने जाणाऱ्याने काही गोष्टी सांभाळावयाच्या असतात, त्या येथेच सांगून टाकतो. हातात काठी असावी. सोबत पाणी असावे, कारण पावसाळा सरला की वर थेंब मिळत नाही. दगडाखाली किंवा कपारीत हात घालू नये. अशाच जागी फुरसे असते, आणि ते आकाराने लहान असले तरी त्याचा दंश घातक असतो. पावसाळ्यात काळ्या दगडावर शेवाळ धरते, त्यावर पाय ठरत नाही. ऊन चढण्यापूर्वी खाली यावे. चढताना छाती लागते आणि उतरताना गुडघे लागतात. म्हणून उतरणे सोपे समजू नये. आणखी एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ती आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हती, म्हणून ती मागाहून सांगू.

माथ्यावर पोहोचले की सारे शहर एका दृष्टिक्षेपात दिसते. निजामाच्या राज्यात उस्मानाबाद हे नाव मिळालेले आणि २०२३ साली पुन्हा धाराशिव झालेले हे शहर पहाटेच्या धुरात कसे शांत दिसते! दूरवर वाड्यावस्त्या, मध्ये काळी राने, आणि त्यांपलीकडे बालाघाटाच्या एकामागून एक उठलेल्या रांगा. त्याच रांगांत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरांवर धाराशिवची प्राचीन लेणी आहेत. ती आरंभी बौद्ध होती की प्रथमपासून जैन, याविषयी विद्वानांत मतभेद आहे. परंतु आज तेथे पार्श्वनाथाची भव्य मूर्ती आहे, आणि हजार-बाराशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एकांत शोधणारी माणसे या डोंगरांत राहिली, एवढे निश्चित. वर बसून आम्ही त्या तपस्व्यांचा विचार करीत असू. आम्हांसही आपली एक छोटी गुहा सापडली, असे मनात येई. त्या वेळी एक गोष्ट मात्र आमच्या ध्यानात आली नाही. ते तपस्वीदेखील अन्नासाठी खाली वसलेल्या लोकांवरच अवलंबून होते. भिक्षेच्या निमित्ताने त्यांची गावाशी गाठ पडतच असे. गावास सर्वस्वी तोडून कोणताही एकांत टिकलेला नाही.

असो. हळूहळू आम्हांस त्या डोंगराची गोडी लागली. गोडी वाईट नव्हे. परंतु आमच्या गोडीत एक खडा मिसळू लागला. वर असताना फोन वाजे. आम्ही प्रथम तो उचलीत असू. मग वाजू देऊ लागलो. मग एके दिवशी तो खोलीच्या खणात ठेवून, खोलीस कुलूप घालून निघालो. त्या दिवशी जो मोकळेपणा वाटला, त्याचे वर्णन करवत नाही. पुढे तीच रीत पडली. कोठे जातो हे कोणास सांगणेही आम्ही सोडले. आणि विशेष असे की, या गोष्टीचे आम्ही वेदीवरून कौतुकही केले. आपणांपैकी अनेकांस तो उपदेश स्मरत असेल. धर्मगुरूस डोंगरावर प्रार्थनेसाठी गेले पाहिजे, असे आम्ही त्यात सांगितले होते. आपण ते श्रद्धेने ऐकले. एका आजीबाईंनी तर ते फारच श्रद्धेने ऐकले.

आता देण्याची हकीकत सांगतो. त्या कुटुंबाच्या संमतीने सांगत आहोत. नाव व गाव मात्र सांगत नाही.

कार्तिकाचा महिना होता. दिवाळी होऊन त्या आजींचा मुलगा आणि सून ऊसतोडणीस गेली होती. आपल्या भागातील किती घरे या दिवसांत अशी ओस पडतात, हे आपणांस सांगावयास नको. घरी आजी आणि शाळेसाठी मागे राहिलेला नातू, अशी दोघेच. त्या रात्री आजींचा दम वाढला. पहाटे त्यांनी नातवास सांगितले की, दवाखान्याचे मागाहून पाहू, आधी फादरांना आण. पोराने शेजाऱ्याची मोटारसायकल घेतली आणि सव्वासहाच्या सुमारास तो आपल्या दारात आला. आम्ही पावणेसहालाच निघून गेलो होतो. त्या दिवशी मिस्सा सायंकाळी होती, म्हणून आम्हांस घाई नव्हती. स्वयंपाकाच्या मावशींना इतकेच ठाऊक की फादर फिरायला गेले. कोणत्या दिशेस, कधी परत येणार, हे त्यांना आम्ही कधी सांगितलेच नव्हते. पोराने आमचा क्रमांक लावला. फोन आमच्या कुलूपबंद खोलीत वाजू लागला. तो मुलगा बाहेर पायरीवर बसून त्याचा आवाज ऐकत होता. त्याने तो सात वेळा लावला. ही संख्या आम्ही मागाहून फोनवर पाहिली.

त्या वेळी आम्ही माथ्यावर काय करीत होतो? बंधुभगिनींनो, प्रार्थना करीत होतो असे सांगता आले असते तर फार बरे झाले असते. आम्ही प्रार्थना करीत नव्हतो. त्या आठवड्यात वर्गणीवरून आपल्या मंडळीत थोडी बोलाचाली झाली होती. तिचा राग मनात होता. कोणास काय उत्तर द्यावे, कोणास कसे गप्प करावे, याची वाक्ये आम्ही मनात जुळवीत होतो. आणि या क्षणी आपणांस कोणीही गाठू शकत नाही, याचा आनंद भोगीत होतो. खाली एक मोर दिसला, तो झाडीत शिरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. परत आलो तेव्हा आठ वाजून गेले होते.

तो मुलगा उभा राहिला. रागावला नाही. एवढेच म्हणाला, "फादर, आजी तुमचीच वाट बघायली. लवकर चला."

आम्ही पवित्र तेल आणि ख्रिस्तशरीर घेऊन तसेच निघालो. कपडे बदलण्यासही थांबलो नाही. पोहोचलो तेव्हा आजींचा श्वास चालू होता. परंतु सातच्या सुमारास त्यांची वाचा गेली होती आणि शुद्धही हरपली होती. आम्ही तैलाभ्यंग केला. धर्मनियमाप्रमाणे तो योग्यच होता, कारण त्यांनी स्वतः मागणी केली होती. परंतु त्यांना पापकबुली करता आली नाही आणि ख्रिस्तशरीर घेता आले नाही. मरणोन्मुखास दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तशरीरास लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्याचा अर्थच वाटेची शिदोरी असा होतो. आपण शेजारच्या गावी निघालेल्या पाहुण्यासदेखील भाकरी बांधून दिल्यावाचून सोडीत नाही. येथे एक आजी सर्वांत लांबच्या वाटेस निघाली होती; तिने पहाटेच शिदोरी मागितली होती; आणि ती बांधून देणारा डोंगरावर मोर पाहत बसला होता.

तेल लावताना आमची नजर खाली गेली. आमच्या विजारीला गुडघ्यापर्यंत गवताची कुसळे चिकटली होती. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ आणि आपल्या डोळ्यातील मुसळ यांवर आम्ही किती वेळा उपदेश केला असेल! त्या दिवशी त्या कुसळांनी आम्हांसच उपदेश केला.

दुपारपूर्वी आजी देवाघरी गेल्या. निघताना शेजारची बाई आम्हांस पोहोचविण्यास दारापर्यंत आली. ती सांगू लागली की, फादर घरी नाहीत असे नातवाने फोनवरून कळविले, तेव्हा आजींना अजून बोलता येत होते. त्या म्हणाल्या, "फादर डोंगरावर देवाशी बोलत असतील. त्यांचं होऊ द्या. मी थांबते." आम्हांस दिलासा द्यावा म्हणूनच तिने हे सांगितले. तो दिलासा आम्ही आजवर वाहत आहोत.

त्यानंतर आम्ही डोंगरावर जाणे बंद केले. फोन रात्रंदिवस उशाशी ठेवू लागलो. कोणी खोकला तरी धावून जाऊ लागलो. वरवर पाहणाऱ्यास ही सुधारणा वाटली असेल. खरे पाहता ती शिक्षा होती, आणि आमची आम्हीच दिलेली होती. साखर वाढली. तिच्याबरोबर रागही वाढला. पापकबुली ऐकताना लक्ष लागेना. धावत सर्वत्र होतो, परंतु मनाने कोठेच पोहोचत नव्हतो. आपणांपैकी काहींना त्या दिवसांत आमचे कठोर शब्द ऐकावे लागले. त्यांचीही आज येथे क्षमा मागतो.

त्या काळात आमच्या मनात दोन व्यक्ती वारंवार येत. एक आपल्याच जिल्ह्यातील. तेरचे गोरोबाकाका कुंभार यांची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. चिखल तुडविताना विठ्ठलाच्या भजनात त्यांचे देहभान हरपले, रांगत आलेले लेकरू पायांखाली आले आणि त्यांना कळलेसुद्धा नाही. भक्तीची पराकाष्ठा म्हणून ही कथा सांगतात, आणि पुढे देवाच्या कृपेने ते मूल परत मिळाले असेही सांगतात. आमच्या वारकरी बांधवांच्या या संताविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु त्या दिवसांत त्या कथेतील त्या लेकराचा आणि त्याच्या आईचा आक्रोशच आम्हांस ऐकू येई. गोरोबाकाकांची निदान भक्ती तरी खरी होती. आमची तर तीही नव्हती. आणि आमच्या कथेत काही परत मिळाले नाही.

दुसरी व्यक्ती म्हणजे फ्रान्समधील आर्स गावचे धर्मगुरू संत जॉन व्हियान्नी. १८१८ ते १८५९ अशी ४१ वर्षे त्यांनी एका खेड्यात काढली. पापकबुलीसाठी लांबलांबून लोकांची रीघ लागे, आणि ते कित्येक दिवस दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास ती ऐकत बसत. त्यांनाही एकांताची ओढ अनावर होई. मठात जाऊन उरलेले दिवस प्रार्थनेत घालवावे म्हणून ते गाव सोडून निघाले, तेही एकाहून अधिक वेळा. १८५३ साली ते रात्री निघाले असता गावकऱ्यांस कळले, आणि त्यांनी वाट अडवून आपल्या धर्मगुरूंना परत आणले. ते परत आले आणि मरेपर्यंत तेथेच राहिले. १९२९ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना सर्व धर्मग्राम-गुरूंचे आश्रयदाते संत ठरविले. जो पळून जाऊ पाहत होता, त्यालाच आमचा आश्रयदाता नेमले, यात पवित्र सभेचे मोठे शहाणपण आहे. एकांताची ओढ हा दोष नव्हे. ओढ आपणांस कोठे नेते, आणि तेथून आपण परत येतो की नाही, हे पाहावयाचे असते.

पुढे वर्षश्राद्धाची मिस्सा झाली. ती संपल्यावर तो नातू आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, तुम्ही आता डोंगरावर जात नाही म्हणे?" आम्ही मान हलविली. तो म्हणाला, "आजीला वाईट वाटलं असतं. जा की. जाताना तेवढं सांगून जा."

बंधुभगिनींनो, धर्मविद्यालयात आम्ही पुष्कळ वर्षे शिकलो. परंतु हा सिद्धान्त आम्हांस एका शाळकरी मुलाने शिकविला. मघाशी जी सर्वांत महत्त्वाची गोष्ट मागाहून सांगू म्हटले, ती हीच. एकट्याने जावे, पण सांगून जावे.

मग आम्ही मार्काचे शुभवर्तमान नव्याने वाचले. पहिल्याच अध्यायात प्रभू मोठ्या पहाटे उठून निर्जन जागी प्रार्थनेस गेल्याचे वर्णन आहे. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधीत येतात आणि सर्व लोक तुमचा शोध करीत आहेत असे सांगतात. प्रभू त्यांच्यावर चिडत नाही. मला एकटे राहू द्या, असे म्हणत नाही. तो उठतो आणि पुढच्या गावांकडे निघतो. सहाव्या अध्यायातील प्रसंग तर याहून बोलका आहे. लोकसमुदायास निरोप देऊन प्रभू एकटाच डोंगरावर प्रार्थनेस जातो. शिष्य होडीत बसून सरोवरात गेलेले असतात आणि वारा विरुद्ध असतो. तेव्हा वल्ही मारता मारता शिष्य हैराण झालेले प्रभूला दिसतात, आणि तो त्यांच्याकडे जातो.

हे वाक्य आम्ही पूर्वी शंभर वेळा वाचले असेल. तो एकटा होता आणि तरीही त्याला होडी दिसत होती. आमच्या मते एकांताची कसोटी हीच. ज्या एकांतातून खाली वल्ही मारणारा माणूस दिसतो, तो प्रार्थनेचा एकांत. जेथून तो दिसेनासा होतो, तो केवळ पळ. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वाट तीच, दगड तेच, बसण्याची जागाही तीच.

आता आम्ही पुन्हा जातो. आमच्या दारावर एक पाटी टांगली आहे, ती आपण पाहिलीच असेल. तिच्यावर कोठे गेलो आणि किती वाजता परत येणार, हे खडूने लिहितो, आणि त्या वेळेपूर्वी येतो. फोन खिशात असतो. माथ्यावर पोहोचल्यावर प्रथम उभे राहून एकेका गावाकडे तोंड करतो आणि तेथील एकेका घराचे नाव घेऊन प्रार्थना करतो. आजींचे गाव धुके नसेल तर एका टेकाडाच्या मागे झाडांच्या रांगेवरून ओळखू येते. तेथे आम्ही थोडे अधिक थांबतो. मग बसतो, आणि खरोखरच काही काळ गप्प राहतो. राग घेऊन गेलो असलो, तर तो वरच कोठेतरी ठेवून येण्याचा प्रयत्न करतो. दर वेळी साधते असे नाही.

आता आपणांकडे दोन मागणी आहेत.

पहिली अशी की, आपणही असा लहानसा एकांत घ्यावा. वर्षातून एकदा दूरच्या यात्रेस जाणे सर्वांस परवडत नाही. परंतु आपल्या गावाबाहेर एखादे टेकाड, एखादा माळ नाही, असा आपल्या जिल्ह्यात कोण आहे? आठवड्यातून एकदा तासभर पुरे. पण येथे आम्हांस पुरुषमंडळींशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपल्या घरातील बाईस असा एक तास शेवटचा कधी मिळाला, हे आठवून पाहा. ती पहाटे पाण्यासाठी उठते आणि रात्री भांडी घासून निजते. तिला डोंगरावर जा, असे नुसते सांगून भागणार नाही. तेवढा एक तास पाणी आपण भरावे, चूल आपण सांभाळावी, लेकरू आपण घ्यावे. एकांत ही वस्तू एकट्याला मिळत नाही. ती दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते. आमच्या एका तासासाठीही स्वयंपाकाच्या मावशी दाराशी जागत असतात.

दुसरी मागणी अशी की, ज्यांच्या वाट्यास न मागता एकांत आला आहे, त्यांच्याकडे जावे. दिवाळीनंतर मुले कारखान्यांकडे आणि पुण्याकडे गेली की आपल्या गावांत किती म्हातारीकोतारी माणसे दिवसच्या दिवस कोणाशी न बोलता बसून असतात! त्यांना डोंगराची गरज नाही. त्यांना डोंगरावरून उतरून येणाऱ्या माणसाची गरज आहे. फिरून परत येताना वाटेवर असे एक घर ठरवावे आणि तेथे पाणी पिण्यास थांबावे. धर्मग्रामाच्या महोत्सवाचे याहून चांगले स्मारक आम्हांस सुचत नाही.

बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाच्या दोन वाटा होतात. काही पाणी तेरणेतून मांजरेस आणि मांजरेतून गोदावरीस जाते. काही सीनेतून भीमेस आणि भीमेतून कृष्णेस जाते. दोन्ही शेवटी एकाच सागरास मिळतात. प्रार्थना आणि सेवा या आम्हांस अशाच दोन उतारांसारख्या वाटतात. पाणी कोणत्याही अंगाने वाहो. ते माथ्यावरच साचून राहिले, तर ना गोदेस उपयोग ना कृष्णेस.

मराठवाड्यात आपल्या धर्माची वाट प्रथम पाडणारे परदेशी मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मुलखात आले. तेव्हा त्यांचे एकटेपण कितीतरी मोठे असेल. भाषा परकी, माणसे अनोळखी. परंतु त्यांची पावले माणसांकडे चालली होती. म्हणूनच आज आपण येथे आहोत. त्यांच्या वाटेने चालण्यास आम्ही एका सकाळी चुकलो. ती चूक आज आपणांसमोर ठेवली. आजींचे देणे आता फेडता येणार नाही. ते देवाच्या वहीत राहील, आणि त्याच्या दयेवर आमची श्रद्धा आहे. आपले देणे मात्र फेडता येण्याजोगे आहे, आणि जितकी वर्षे देव येथे ठेवील, तितकी ते फेडीत राहू.

करुणामय पिता, त्याचा पुत्र आपला प्रभू येशू ख्रिस्त आणि पवित्र आत्मा आपणां सर्वांस आशीर्वाद देवो. पवित्र मरिया माता आपल्या घरादारांवर कृपादृष्टी ठेवो. आणि उद्या पहाटे कोणास आमची गरज पडली, तर आधी दारावरची पाटी वाचावी.

आमेन.